चाळीस जणांची जागा

पतपेढीचे आम्ही एकोणीस जण
साडेआठला जळगावहून निघालो.
नशिराबाद यायच्या आत
भारंबेबाईंनी चिवड्याचा डबा उघडला,
आणि भुसावळच्या पुलावर
रिकामा डबा परत पिशवीत गेला.

रेल्वे वसाहतीच्या मागे
जमिनीत आडवं एक लोखंडी दार.
वर बाभूळ. दारापाशी रुबाब तडवी,
निवृत्त गँगमन,
गळ्यात ओळखपत्र, हातात विजेरी.
"येकेक करून उतरा भो.
चौदा पायऱ्या हाये. पंधरावी नाही,
पन समद्यायचा पाय तिले शोधतो."

माझ्याही पायाने शोधली.

खाली रांजणाच्या पोटातला गारवा.
वर मे महिना, सेहेचाळीस अंश,
इथे भिंतीला हात लावला तर ओल.
दोन्ही बाजूंना सिमेंटचे ओटे,
ओट्यांवर शेंदरी आकडे, एक ते चाळीस,
काही अर्धे, काही नुसतेच डाग.
मी सतराव्यावर बसले.
नेहेतेसाहेब तेविसाव्यावर,
आणि लगेच उठले, पँट झटकत.

"रंगूनवर बाँब पडले तव्हा
सायबाले वाटे, अठी बी पडतीन.
फौज, दारूगोळा, समदं याच यार्डातून जाय.
मंग हे खोदलं, तीन महिन्यात."
"पडले का मग?" नेहेत्यांनी विचारलं.
"नाही. येक बी नाही."
नेहेत्यांनी मोबाईल खिशात ठेवला,
पैसे वाया गेल्यासारखा.

रुबाबभाऊंनी विजेरी खाली धरली.
फरशीवर दोन गोल वळं, गंजाच्या रंगाची.
"हे हंड्यायचे.
माही माय पानी भरे अठी. चवदा वर्साची व्हती.
भोंगा झाला का तारवाले, गार्ड,
सायबाची मडम, तिचं कुत्रं, समदे खाली.
माय दोन हंडे ठेवे
अन् वर जाय.
दार बाहेरून लावाचं काम तिचं."

कुणीच काही विचारलं नाही.
त्यांनीच सांगितलं:
"बाभळीखाली बसे आभाय पाहत.
तिनं इमान कधी पाह्यलं नव्हतं.
मरेलोक म्हने,
येवढी वाट पाह्यली,
आलंच नाही मेलं."
ते हसले. आम्हीही हसलो, थोडं उशिरा.

मग तिकिटात धरलेला एक मिनिट अंधार.
विजेरी विझली.
डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय.
कुणाच्या तरी बांगड्या थांबल्या.
आणि वरून मालगाडी गेली.
आधी दातांत कळली, मग कानांत.
मानेवर बारीक माती पडली,
पर्समधली चिल्लर आपोआप बोलू लागली.
मी वाघिणी मोजत होते, चाळीसच्या पुढे चुकले.
माझं मनगट कुणी तरी घट्ट धरलं होतं.
उजेड झाला तेव्हा
नेहेतेसाहेब छताकडे बघत होते,
दोन्ही हात मागे बांधून.

वर चढताना
दार अर्धं लोटलेलं.
उन्हाची एक फटच काय ती पायरीवर.
बाहेर बाभळीच्या सावलीत
आमचा चालक, ईश्वर कोळी,
टोपीने वारा घेत बसला होता.
"बकरी आत चालली व्हती,
म्हनून लोटलं मीच," तो म्हणाला.

तिकिटं वीस फाडली होती.
विसावं माझ्याकडेच राहिलं होतं,
घामाने मऊ झालेलं.
ते त्याला द्यावं की नाही, मला ठरवता येईना.
तोवर भारंबेबाईंनी हाक मारली,
भरीत गार होईल म्हणून.

यावल रस्त्याला केळीच्या बागा लागल्या.
गाडीत सगळे पेंगले.
मी पुढच्या काचेतून आभाळ पाहत होते,
पांढरं, रिकामं.
ईश्वरने आरशातून विचारलं,
"काय व्हतं हो मॅडम, खाली?"